चौदा कलमी यादी आणि नवी गाडी

पत्र, थोडं कापून:

"दादा, वय ४३, उंची पाच फूट तीन इंच, वजन ५८. पंधरा वर्षं दीडशे सीसीची गाडी चालवतेय, तिच्यावर एका दिवसात ३०० किलोमीटरही केलेत. आता टूरिंगसाठी मोठी गाडी घ्यायची ठरवलंय आणि दोन गाड्यांवर येऊन अडकलेय. एक मोठी, २३८ किलोची, सीट ८४० मिलिमीटर, शाफ्ट ड्राइव्ह. दुसरी मधली, २०५ किलोची, सीट ८१५, चेनवाली. नवरा (८० किलो) बहुतेक वेळा मागे असेल. त्याला चालवायची हौस नाही, बसायची आहे. धाकट्या भावजींनी 'गाडी घरी यायच्या आधीच ऑर्डर करून टाक' म्हणून १४ वस्तूंची यादी दिलीये: उंच काच, टॉप बॉक्स, पॅनियर, क्रॅश गार्ड, फॉग लाइट, जेल सीट, हँडल रायझर, लोअरिंग लिंक, सायलेन्सर, फोन माउंट, चार्जर, टँक बॅग, हँड गार्ड, रेडिएटर गार्ड. कुठली गाडी घेऊ आणि यादीतलं आधी काय? दोन्ही गाड्यांची माहितीपत्रकं सोबत जोडली आहेत. ता. क. रंग लाल की मॅट राखाडी? – पाच फूट तीन इंच"

ताई,

यादी फ्रिजवर लावून ठेवा आणि पहिले हजार किलोमीटर तिच्याकडे नुसतं बघा. भावजी रुसले तर माझं नाव सांगा. यादी वाईट नाहीये, फक्त ती दुसऱ्याच्या मापाची आहे. त्यांची उंची तुम्ही लिहिली नाहीत, पण रायझर (हँडल उंच करणारा तुकडा) आणि उंच काच वाचून मी पैज लावतो की गृहस्थ सहा फुटांच्या आसपास असणार. लोअरिंग लिंक, म्हणजे गाडी बुटकी करणारा जोड, तेवढी तुमची आठवण काढून घातलेली दिसते, आणि नेमकी तीच तुम्ही सगळ्यात शेवटी घ्यायची आहे. किंवा घ्यायचीच नाही.

आधी गाडीचं बोलू. सीटच्या उंचीच्या आकड्याने दबून जाऊ नका. ८१५ आणि ८४० मध्ये अडीच सेंटिमीटरचा फरक, पण पाय जमिनीला टेकतात की नाही हे सीट पुढच्या बाजूला किती रुंद आहे त्यावरही तितकंच ठरतं. रुंद सीट मांड्या फाकवते आणि पायाची लांबी तिथेच खर्ची पडते. प्रवासात जे बूट घालणार तेच घालून शोरूमला जा. दोन्ही टाचा टेकल्या पाहिजेत असा हट्ट नको. डाव्या पायाचा चवडा घट्ट टेकतोय आणि उजवा पाय ब्रेकवर निवांत आहे, एवढं जमलं तर पुष्कळ झालं.

खरी परीक्षा गाडी बंद असताना होते. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, तुम्ही तिच्या डाव्या बाजूला उभ्या, आणि तिला दहा पावलं मागे ढकलायचं. मग जरा चढ असेल तिथे तेच करून बघा. ३३ किलोंचा फरक धावत्या गाडीवर विसरायला होतो. पण संध्याकाळी पाच वाजता, अंग आंबलेलं असताना, उताराकडे तोंड करून लावलेली गाडी मागे ओढायची वेळ आली की किलोकिलोचा हिशोब लागतो.

आणि ती पडेल. प्रत्येकाची पडते, बहुतेकदा उभ्या उभ्या. म्हणून उचलायची पद्धत आधीच शिकून घ्या. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढा, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडे आडवी होणार नाही. गिअरमध्ये टाका, म्हणजे घसरणार नाही. मग तिच्याकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवून बसा, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचं ग्रॅब रेल धरा, पाठ ताठ ठेवा आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं टाकत मागे सरका. कंबरेतून वाकून उचलायला गेलात तर गाडी तिथेच राहते आणि कंबर मात्र जाते.

आता माहितीपत्रकं. त्यात सगळ्यात उपयोगाचा आकडा बहुतेक लोक वाचतच नाहीत: गाडीचं जास्तीत जास्त मान्य वजन, म्हणजे माणसं आणि सामान धरून. तुमच्या मोठ्या गाडीला तो ४३० आहे, मधलीला ३८५. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा. पण पेट्रोल भरलेल्या गाडीचं, म्हणजे कर्ब वेट. कुठे नुसतं ड्राय वेट छापलेलं असतं, त्याला भुलू नका. २० लिटरची टाकी भरली की पेट्रोलच १५ किलोंच्या घरात जातं. तुमची दोन्ही पत्रकं मी तपासली, आकडे कर्ब वेटचेच आहेत. मोठी १९२ किलो उचलते, मधली १८०. गाडी ३३ किलोंनी जड, आणि ताकद फक्त १२ किलोंनी जास्त.

तुम्ही दोघं मिळून १३८. दोघांची हेल्मेटं, जाकिटं, बूट धरून आणखी १२. झाले १५०. आता भावजींची यादी चढवा: रॅकसकट टॉप बॉक्स ८ किलो, अ‍ॅल्युमिनियमचे पॅनियर (बाजूच्या पेट्या) त्यांच्या फ्रेमसकट १५, क्रॅश गार्ड ५. हे मी ढोबळ धरलंय, पण फार चुकणार नाही. मोठ्या गाडीवर कपडे, पाणी, हत्यारं, रेनकोट यांच्यासाठी उरले १४ किलो. मधलीवर उरले दोन! दोन किलोत तुमच्या नवऱ्याचे पावसाळी बूटही बसायचे नाहीत. पेट्या रिकाम्या न्यायच्या, कारण पेट्यांचंच ओझं झालंय.

तरीही मी मधली घ्या म्हणेन. फक्त पॅनियरच्या जागी कापडी सॅडलबॅग घ्या. त्या चारेक किलोंत येतात, म्हणजे ११ किलो सुटले आणि सामानाला १३ मिळाले. पडल्यावर कापडाला पोचा येत नाही, आणि गाडी पायावर पडली तर धातूच्या पेटीखाली पोटरी सापडण्यापेक्षा कापडाखाली सापडलेली परवडते. कुलूप नीट लागत नाही हा तोटा आहे, मान्य.

शाफ्टचा, म्हणजे चेनऐवजी दांड्याने चाक फिरवणाऱ्या गाडीचा, मोह मला कळतो. चेनला दर ५००-८०० किलोमीटरला पुसून ल्यूब मारावं लागतं आणि ढिलाई तपासावी लागते. शाफ्टला यातलं काही नाही, ठरलेल्या अंतराला तेल बदललं की झालं. पण चेनचं काम म्हणजे पेट्रोल पंपावरची दहा मिनिटं. त्यासाठी मागचं चाक अधांतरी हवं, म्हणून मधलीला डबल स्टँड मिळतोय का ते मात्र विचारा. चेनवाल्या टूरिंग गाडीला तो नसेल तर यादीत पंधरावं कलम म्हणून घालायला माझी परवानगी आहे.

दोन्हींपैकी कुठलीही घेतलीत तरी चाकं बघून घ्या. स्पोकची चाकं फोटोत छान दिसतात, पण त्यात ट्यूब असेल तर पंक्चर म्हणजे चाक खोलणं आलं. ट्यूबलेस असेल तर रबरी प्लग ठोकून पंधरा मिनिटांत निघता येतं.

आणि टेस्ट राइडला नवऱ्याला मागे बसवून न्या. किमान अर्धा तास. त्याचे गुडघे किती दुमडतात, फूटरेस्टवर पाय ठेवला की टाच सायलेन्सरला किंवा बॅगेच्या जागेला लागते का, ब्रेक मारल्यावर तो तुमच्या पाठीवर येतो का. गाडी तुम्हाला आवडली आणि त्याला दीड तासात कळ लागली तर ती गाडी घरातच उभी राहील. त्याला मधलीवर बसवत नसेल तर माझा वरचा सगळा सल्ला रद्द, मोठी घ्या.

गाडी आली की पहिल्या दिवशी जे अपग्रेड करायचं त्याला पैसे लागत नाहीत. टूलकिटमधले दोन-चार पाने आणि एक रविवार लागतो. नवी गाडी कारखान्यातल्या सरासरी माणसासाठी जुळवून येते, आणि तो माणूस तुमच्यापेक्षा उंच आणि जड असतो. सीटवर बसून हात हलके लिव्हरवर ठेवा: कोपर ते बोटं एका सरळ रेषेत यायला हवीत, मनगट वर मोडता कामा नये. क्लॅम्प सैल करून लिव्हर तेवढे खाली फिरवा. (परत आवळताना क्लॅम्प अगदी जीव खाऊन आवळू नका. गाडी पडली तर लिव्हर तुटण्याऐवजी फिरला पाहिजे.) ब्रेकच्या लिव्हरवर बहुतेक गाड्यांना अंतर कमी-जास्त करायची छोटी चकती असते, तुमचा हात लहान असेल तर ती जवळ आणा. हँडल क्लॅम्पमध्ये थोडं तुमच्याकडे फिरवता येतं. गिअरचा लिव्हर बुटाच्या जाडीप्रमाणे वर-खाली होतो. हे सगळं झाल्यावर रायझर लागतो का बघा. माझा अंदाज, लागणार नाही. लागलाच तर तो बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून ब्रेकचा होज आणि वायरी ताणल्या जात नाहीत ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.

मग सस्पेन्शन. इथे जरा थांबतो, कारण एवढ्या एका गोष्टीने गाडी बदलल्यासारखी वाटते आणि दहातले नऊ जण तिच्या वाट्याला जात नाहीत.

गाडी तुमच्या वजनाने किती खाली बसते ते मोजायचं. मदतीला दोन माणसं आणि एक टेप. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या एक्सलपासून सरळ वर, शेपटीवरच्या एखाद्या खुणेपर्यंत अंतर मोजा. समजा ६२० मिलिमीटर. आता गाडी खाली घ्या, पूर्ण कपडे-हेल्मेट घालून तुम्ही बसा, एकाने पुढून गाडी सरळ धरायची, दुसऱ्याने पुन्हा तेच अंतर मोजायचं. आलं ५७५. म्हणजे गाडी ४५ मिलिमीटर बसली. मागच्या चाकाची एकूण हालचाल १५० असेल तर हे ३० टक्के झाले, उत्तम. पाव ते एक-तृतीयांश या पट्ट्यात कुठेही चालेल. त्याहून कमी बसत असेल तर प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) सैल करा, जास्त बसत असेल तर वाढवा. पुढे फोर्कच्या चकचकीत नळीला प्लॅस्टिकचा झिप टाय बांधला की तोच किती सरकला ते सांगतो. प्रीलोडने स्प्रिंग कडक होते असं गॅरेजात सर्रास सांगतात. तसं होत नाही, स्प्रिंग तीच राहते, गाडी किती उंचीवर तरंगते ते बदलतं.

तुम्ही ५८ किलोंच्या. कारखान्यातून आलेली गाडी तुमच्याखाली बहुधा पुरेशी बसणारच नाही. प्रीलोड कमी केला की ती थोडी खाली येईल, आणि जमीन तेवढीच जवळ. लोअरिंग लिंकचं निम्मं काम इथे फुकटात होतं. लिंक मला का नको? तिने गाडीचा फक्त मागचा भाग खाली येतो. पुढचे फोर्क त्या मानाने क्लॅम्पमध्ये वर सरकवले नाहीत तर हँडल जड आणि सुस्त होतं. वळणावर फूटरेस्ट लवकर घासतात. आणि साइड स्टँड तेवढाच लांब राहतो, त्यामुळे गाडी स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा वारा आला की पलीकडे कोसळते. जाड तळव्याचे बूट आणि पुढून थोडी कोरून घेतलेली सीट, एवढ्याने तुमच्या उंचीच्या बहुतेकांचं भागतं.

नवरा बसला की मात्र प्रीलोड वाढवायचा, दर वेळी. नाहीतर मागचा भाग बसतो, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि पुढचं चाक हलकं होऊन गाडी वळणावर रुंद पळते. टायरमधली हवाही दोघांसाठी वेगळी असते. आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो आणि तो थंड टायरचा असतो. त्याप्रमाणे सकाळी निघायच्या आधी भरा.

आता ते हजार किलोमीटर. नव्या गाडीला तसंही ते सावकाश काढायचे असतात: एकाच वेगात तासन्‌तास नाही, पूर्ण थ्रॉटल नाही, आरपीएम वर-खाली होत राहू दे. नवे टायर गुळगुळीत असतात, पहिले दीडशे किलोमीटर वळणावर फार झोपवू नका. जाकिटाच्या खिशात एक छोटी वही ठेवा. प्रत्येक थांब्यावर दोन ओळी: कुठे दुखतंय, किती वेळाने दुखायला लागलं, काय दिसलं नाही, काय हाताला आलं नाही. तुमची एक वही, नवऱ्याची एक. पहिली सर्व्हिस होईल तेव्हा खरी यादी त्या वह्यांमध्ये असेल.

वहीशिवाय काय होतं ते माझ्यावरून सांगतो. पहिली मोठी गाडी घेतली तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात उंचातली उंच काच बसवली. वारा छातीवर येईना, मी खूश. पण ताशी ९०च्या पुढे डोकं गाडीच्या डॅशबोर्डवरच्या स्प्रिंगवाल्या बाहुलीसारखं डुगडुगायला लागलं. मी आणखी उंच काच शोधत बसलो! सहा महिन्यांनी एका जुन्या चालवणाऱ्याने सांगितलं, रिकाम्या सरळ रस्त्यावर फूटरेस्टवर जरा उभा राहा. राहिलो. हेल्मेटमधला गडगडाट एकदम शांत झाला, नुसता सरळ वारा. म्हणजे त्रास वाऱ्याचा नव्हताच. काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारे भोवरे बरोबर माझ्या हेल्मेटवर फुटत होते. मी मूळची बुटकी काच परत लावली आणि वारा खांद्यावर घेतला. आजतागायत तसाच चालवतोय. तुमच्या उंचीला कंपनीची काच आहे तशीच जमून जाण्याची शक्यता दांडगी आहे. काच कुठलीही असो, नजर तिच्या वरून जायला हवी, तिच्यातून नाही. पावसात रात्री काचेवरचे थेंब आणि समोरचे दिवे एक होतात. आणि वारा कितीही अडवला तरी ताशी १०० च्या पुढे हेल्मेटच्या आत आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, म्हणून तुमच्याकडच्या नियमात बसत असेल तर फोमचे इअरप्लग घ्या. सगळ्यात स्वस्त अपग्रेड, आणि दिवसाअखेरचा थकवा निम्मा वाटतो.

जेल सीटचंही तसंच. शोरूममध्ये मऊ सीट छान वाटते. दोन तासांनी तोच मऊपणा दबून संपतो आणि हाडं खालच्या पत्र्यापर्यंत पोचल्यासारखी वाटतात. लांब पल्ल्याला घट्ट आणि रुंद फोम बरा. शिवाय जेल उन्हात तापतं. वहीत 'बूड' लिहिलंय की 'मांडीची आतली बाजू' की 'मनगट', यावर उपाय बदलतो. मनगट दुखत असेल तर कित्येकदा दोष सीटचाच असतो: ती पुढे उतरती असते, तुम्ही टाकीकडे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहता.

टॉप बॉक्स घ्या, पण सामानासाठी कमी आणि नवऱ्याच्या पाठीसाठी जास्त. तो मागच्या एक्सलच्याही मागे लटकतो, म्हणून जड वस्तू त्यात नको. कंपनी बहुतेकदा त्याला ५ ते १० किलोंचीच मुभा देते, आणि ती ओलांडली की वेगात हँडल वळवळायला लागतं. जड ते खाली आणि पुढे, सॅडलबॅगेत. टँक बॅग चांगली, वजन मधोमध राहतं. फक्त हँडल पूर्ण वळवून बघा. माझ्या एका मित्राची बॅग डावीकडे वळताना हॉर्न दाबायची, पार्किंगमध्ये तो दर वेळी सगळ्यांची माफी मागत बाहेर पडायचा.

फॉग लाइट तुम्ही अंधारात किती चालवता त्यावर आहेत. बसवलेत तर रिले आणि बॅटरीजवळच फ्यूज असल्याशिवाय नको, आणि वायर कापून जोडणाऱ्याच्या हाती नवी गाडी देऊ नका, वॉरंटी जाते. चार्जर किल्ली बंद केल्यावर बंद होणाऱ्या लाइनवरच हवा. मी एकदा थेट बॅटरीला जोडला होता. ५० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दिवसाला १.२ अँपिअर-अवर होतात. १२ अँपिअर-अवरची बॅटरी दहा दिवसांत झोपली. फोन माउंट घ्यायचा तर कंप शोषणारा डँपर असलेला. मोठ्या इंजिनांच्या कंपनाने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, हे खुद्द अ‍ॅपलने २०२१ मध्ये जाहीर केलंय. हँड गार्ड, रेडिएटर गार्ड खडीच्या रस्त्यांवर जाणार असाल तर. सायलेन्सर नको. आठ तास तोच आवाज ऐकायचा आहे, आणि त्याच्या सगळ्यात जवळचे कान नवऱ्याचे.

हजार किलोमीटरची वाट न बघता घ्यायचं ते एवढंच: क्रॅश गार्ड, कारण गाडी पहिल्यांदा आडवी होते ती पहिल्या महिन्यातच, ट्यूबलेसचं पंक्चर किट आणि छोटा पंप, आणि दोघांचे अंगावरचे कपडे, नवऱ्याचे तुमच्याइतकेच चांगले. गाडीचं बजेट ठरवतानाच हे बाजूला काढा, नंतर उरत नाही.

भावजींच्या बाजूने एक सांगायला हवं. होंडाची गोल्ड विंग १९७५ मध्ये विकायला आली तेव्हा तिला ना काच होती ना पेट्या. लोकांनीच तिच्यावर क्रेग व्हेटरचं विंडजॅमर फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण) चढवलं, बॅगा लटकवल्या, आणि जगभर हिंडले. कंपनीने स्वतः फेअरिंग आणि पेट्या लावलेली इंटरस्टेट आणली ती १९८० मध्ये, ग्राहकांचं बघून. तेव्हा गाडीला काहीबाही लावायची खाज जुनी आणि सन्मान्य आहे. पण ती माणसं आधी उघड्या गाडीवर वारा खाऊन आली होती, मग त्यांनी काच घेतली.

राहिला रंग. मॅट राखाडी शोरूमच्या दिव्यांखाली देखणा दिसतो, पण मॅटला पॉलिश मारता येत नाही. जाकिटाची चेन, टँक बॅगेखालची धूळ, नवरा चढताना लागलेला बूट, सगळं कायमचं राहतं. लाल घ्या.